जेथे आपणांस कोणी ओळखत नाही

गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही तिघे, म्हणजे मी, माझे कुटुंब व आमचा दहा वर्षांचा मुलगा, चार दिवस मुंबईस जाऊन आलो. नाताळची उपासना, मुलांचे कार्यक्रम, घरोघरच्या भेटी हे सर्व आटोपल्यावर पाळकास जी थोडी उसंत मिळते ती बहुधा झोपेत जाते. परंतु या खेपेस मुलाने पेंग्विन पाहण्याचा हट्ट धरिला होता, आणि घाटकोपरास राहणाऱ्या माझ्या मेहुण्याचे बोलावणेही आले होते. तेव्हा पहाटेच्या थंडीत कुडकुडत एस. टी. धरिली, माळशेज घाट उतरलो, कल्याणास लोकल गाठली व दुपारी मुक्कामी पोहोचलो. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा हेतू नाही. गेट वे ऑफ इंडिया, राजाबाई टॉवर, समुद्र इत्यादिकांची चित्रे वाचकांच्या खिशातील मोबाईलवर मजहून अधिक चांगली सापडतील. परंतु तेथून परत येताना एक प्रश्न मजबरोबर आला. तो अजून गेला नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवितो.

आपल्या गावात माझ्या घरापासून उपासनामंदिरापर्यंतचे अंतर चालावयास पाच मिनिटांचे आहे. परंतु मला ते पाच मिनिटांत कधीच तोडता आले नाही. “काय पाळकसाहेब, इकडे कोणीकडे?” हा प्रश्न वाटेत चार ठिकाणी तरी होतो. प्रश्न करणाऱ्यास उत्तर ठाऊकच असते. माझ्या पिशवीत काय आहे, माझ्या चपलेचा अंगठा कधी तुटला, आमच्या घरी काल पाहुणे कोण आले होते, हे सर्व गावास माहीत असते. उलट दादरच्या पुलावर आम्ही पाव घटका उभे राहिलो, तेवढ्यात हजारो माणसे आम्हांस चुकवून निघून गेली व एकानेही तोंडाकडे पाहिले नाही. प्रथम मला जत्रेत हरवलेल्या पोरासारखे वाटले. मग, खरे सांगावयाचे तर, बरे वाटले. डोक्यावरचे ओझे कोणीतरी उतरून घ्यावे, तसे बरे वाटले. या बरे वाटण्याचा पुढे काय परिणाम झाला तो सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राणीच्या बागेत जाण्याकरिता घाटकोपराहून भायखळ्यास निघालो. तिकिटे दुसऱ्या वर्गाची घेतली होती. गाडी आली, गर्दीचा लोंढा उसळला, आणि जो दरवाजा समोर आला त्यातून मी दोघांना आत ढकलले व मागोमाग आपणही चढलो. आत पाहतो तो जागा मोकळी, बाके गादीची. आम्ही बसलो. गाडी सुटल्यावर मुलाने भिंतीवरची अक्षरे वाचिली आणि म्हणाला, “बाबा, येथे ‘प्रथम श्रेणी’ असे लिहिले आहे. आपले तिकीट याचेच आहे का?”

मी म्हटले, “नाही रे. चुकून चढलो. पुढच्या स्टेशनावर उतरू व डबा बदलू.”

विद्याविहार आले. गाडी थांबते न थांबते तोच सुटेल, मूल बरोबर आहे, असे म्हणून मी उठलो नाही. कुर्ला आले. तेथे फलाटावर इतके लोक उभे होते की, उतरलो तर पुन्हा चढता येणार नाही अशी मी स्वतःची खात्री करून घेतली. शीव आले, आता अर्धी वाट सरलीच होती. माटुंग्यास तर मी खिडकीबाहेर पाहत होतो. अशा रीतीने मधली आठही स्टेशने गेली, आणि प्रत्येक स्टेशनाने मला एकेक नवे कारण पुरविले. भायखळ्यास कोणी तिकीट विचारिले नाही. त्या शहरात रोज साठ लाखांहून अधिक लोक लोकलने ये-जा करितात. बहुतेक स्टेशनांवर ना फाटक आहे, ना आडकाठी. तपासनीस असतात, पण ते किती जणांस पुरणार? मुलाने पुन्हा काही विचारिले नाही. त्याने पेंग्विन पाहिले. काचेआड त्यांच्याकरिता थंडी निर्माण केली आहे, ते २०१६ साली आणिले व २०१७ पासून लोकांस दाखवू लागले, वगैरे माहिती मी त्यास मोठ्या उत्साहाने सांगत होतो. जरा अधिकच उत्साहाने.

रात्री माझे कुटुंब एवढेच म्हणाले, “त्या दिवशी नेवाशाच्या गाडीत कंडक्टर आपले तिकीट द्यावयास विसरला, तेव्हा तुम्ही किती मोठ्याने हाक मारली होती!”

हाक मारली होती हे खरे. सगळ्या गाडीने ऐकिली. कंडक्टर म्हणाला, “पाळकसाहेब म्हणजे पाळकसाहेब!” आणि मलाही ते गोड लागले होते. त्या रात्री मेहुण्याच्या घरी मला झोप आली नाही, आणि तिचे कारण डास नव्हते. नेवाशाच्या गाडीत प्रामाणिक होता तो कोण, आणि कुर्ल्यास बाकावर बसून राहिला तो कोण? एकाच मनुष्याच्या अंगावर हे दोघे राहतात काय? की पहिला कधी नव्हताच, नुसते गावाचे डोळे होते?

सेमिनरीत असताना आम्हांस एक जुनी गोष्ट शिकविली होती, ती आठवली. ग्रीस देशाचा तत्त्ववेत्ता प्लेटो याने आपल्या ‘रिपब्लिक’ नामक ग्रंथात, दुसऱ्या भागात, ती घातली आहे. सांगणारा ग्लॉकन, हा प्लेटोचा भाऊ. लिदिया देशात एक मेंढपाळ होता. आपल्याकडील धनगरासारखा रानात मेंढरे राखणारा साधा गडी. एकदा वादळ होऊन भूकंप झाला व जमीन फाटली. तो त्या विवरात उतरला, तेथे त्यास कांस्याचा पोकळ घोडा दिसला आणि त्या घोड्यात एक प्रेत, त्याच्या बोटात सोन्याची अंगठी. अंगठी घेऊन तो वर आला. पुढे मेंढपाळांच्या बैठकीत बसला असता सहज अंगठीचा खडा तळहाताकडे फिरविला, तो भोवतालची माणसे तो उठून गेल्याप्रमाणे बोलू लागली! खडा फिरविला की दिसेनासा, पुन्हा फिरविला की दिसू लागला. ही युक्ती कळताच तो राजवाड्यात शिरला, राणीस वश केले, राजास मारिले आणि राज्य घेतले. ग्लॉकन म्हणतो, अशा दोन अंगठ्या असत्या व एक सज्जनास, एक दुर्जनास दिली असती, तर दोघांच्या वागण्यात तिळमात्र फरक दिसला नसता. मनुष्य न्यायाने वागतो तो पकडले जाण्याच्या भीतीने. न्यायावर त्याचे प्रेम असते म्हणून नव्हे.

याला सॉक्रेटिस जे उत्तर देतो ते पुष्कळ लांब आहे, पुस्तकभर पसरले आहे. त्याचा सारांश असा की, अन्याय करणाऱ्याच्या अंतःकरणात बेबंदशाही माजते; जे खाली राहावयाचे ते वर चढून बसते; म्हणून अंगठी बोटात असो वा नसो, न्यायाने वागण्यातच जिवाचे हित आहे. परीक्षेत मी ग्लॉकनच्या विरुद्ध चार पाने लिहिली होती व मला चांगले गुण पडले होते. आता त्याच ग्लॉकनच्या बाजूने मी स्वतः साक्ष देऊन आलो होतो. त्या मेंढपाळास निदान राज्य तरी मिळाले. मला काय, तर अर्ध्या तासाकरिता गादीचे बाक!

येथे आपल्यातील पुष्कळ मंडळी म्हणतील, “पाहा, आम्ही सांगत नव्हतो? शहरात मनुष्य बिघडतो. गाव ते गाव.” गावोगावी हे बोलणे मी ऐकतो, आणि शहरात गेलेल्या मुलांच्या बापांस ते खरेही वाटते. मी मात्र त्यास होकार देऊ शकत नाही, आणि त्याचे कारण माझे आजोबा होत.

माझे आजोबा १९३८ च्या सुमारास आमच्या गावातून मुंबईस गेले. गावात त्यांस सर्व ओळखत होते. तीच तर अडचण होती. ते कोणाचे, कोणत्या वाड्यातले, त्यांची सावली कोठे पडली तर चालते व कोठे चालत नाही, विहिरीपासून त्यांनी किती पावलांवर उभे राहावयाचे, हे लहान पोरासही ठाऊक होते. दुकानदार त्यांचे पैसे पाणी शिंपडून घेई व मीठ वरून टाकी. ते सांगत की, मुंबईस गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आगगाडीत शेजारी बसलेल्या एका मनुष्याने त्यांच्याजवळ काडेपेटी मागितली. आजोबांनी ती बाकावर ठेविली. तो मनुष्य म्हणाला, “अहो, हातात द्या की!” आणि त्याने ती आजोबांच्या हातातून घेतली, विडी पेटविली व परत त्यांच्या हातात दिली. ही गोष्ट आजोबांनी आम्हांस किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. म्हातारपणी पुष्कळ गोष्टी ते विसरले. ही विसरले नाहीत. शेवटी ते नेहमी म्हणत, “तेथे मला कोणी ओळखत नव्हते. हेच सुख.”

हे सुखही पुरे नव्हते, हे सांगितले पाहिजे, नाही तर मुंबईची खोटी स्तुती केल्यासारखे होईल. परळच्या ज्या गिरणीत ते लागले तेथे सूत कातण्याच्या खात्यात त्यांस काम मिळाले. परंतु विणण्याच्या खात्यात, जेथे मजुरी अधिक, तेथे मिळाले नाही. मागाच्या धोट्यात नवी कांडी घातली म्हणजे धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. आणि ज्या धोट्यास अस्पृश्याचे तोंड लागले त्यास आम्ही तोंड लावणार नाही, असे इतर कामगार म्हणत. डॉक्टर आंबेडकरांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न जाहीरपणे मांडिला होता. म्हणजे आगगाडीत ज्यास कोणी ओळखिले नाही त्यास गिरणीच्या दारात ओळखिलेच. त्या गिरण्याही आता गेल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक बंद पडत गेली, आणि जेथे भोंगे वाजत तेथे आज उंच मनोरे व दुकानांचे महाल आहेत. आजोबांची गिरणी कोठे होती ते मी मुलास दाखवू शकलो नाही. एक धुराडे तेवढे दुरून दिसले. ते त्याच गिरणीचे की दुसरीचे, हे सांगणारा कोणी भेटला नाही.

तर माझा मुद्दा असा. गावाचे डोळे मनुष्यास चांगला ठेवितात असे म्हणावे, तर त्याच डोळ्यांदेखत आजोबांस विहिरीपासून हाकलीत होते. तेथे कोणी अंगठी घालून अदृश्य झाला नव्हता. दिवसाढवळ्या, सर्वांच्या समोर, चांगली चांगली माणसे तो अन्याय करीत आणि एकमेकांकडे पाहून त्यांस लाज वाटत नसे. उलट न केल्यास वाटली असती. डोळे रूढीची राखण करितात. रूढी न्यायाची असेल तर न्याय राखिला जातो, अन्यायाची असेल तर अन्याय. आजही आमच्या गावात कोणाची सून कोणाशी बोलली याची जितकी चौकशी होते तितकी ऊसतोडीस गेलेल्या मजुराची उचल कोणी बुडविली याची होत नाही. प्लेटोच्या मेंढपाळाने अंगठी टाकून दिली असती तरी तो न्यायी झाला असता असे नाही. तो फक्त भोवतालच्या मेंढपाळांसारखा झाला असता.

मग माझ्या आजोबांस जे सुख वाटले ते आणि मला दादरच्या पुलावर जे बरे वाटले ते, ही दोन्ही एकच काय? दोघांसही तेथे कोणी ओळखत नव्हते. यावर मी पुष्कळ विचार केला, आणि मला फरक दिसतो तो असा. काडेपेटी मागणारा मनुष्य आजोबांस ओळखत नव्हता. म्हणून त्याने त्यांस मनुष्य मानिले. मी त्या डब्याबाहेरच्या कोणास ओळखत नव्हतो. म्हणून मी त्यांस कोणीच नाही असे मानिले. माझ्या मनात हिशेब असा चालला होता की, फार तर रेल्वेचे चार पैसे बुडतील, आणि रेल्वे म्हणजे कोणी माणूस नव्हे. परंतु माझ्याएवढेच तिकीट काढून शेजारच्या डब्यात एका पायावर उभे राहिलेले लोक माणसेच होती. मी त्यांच्यातून निसटलो होतो. नेवाशाच्या गाडीत मला हे सुचले नसते, कारण तेथे प्रत्येकास नाव आहे. अनोळखी मनुष्य म्हणजे ‘कोणी नव्हे’, की ‘कोणीही असू शकेल असा एक’, याचा निवाडा गावात करण्याची वेळच फारशी येत नाही. शहरात तो दर स्टेशनावर करावा लागतो.

तिसऱ्या दिवशी मेहुण्याने आम्हांस वांद्र्यास नेले. माहीमहून वांद्र्यास जाताना खाडीवरचा रस्ता लागतो. आज तो इतर रस्त्यांसारखाच दिसतो. गाड्यांच्या गर्दीत खाडी लक्षातही येत नाही. परंतु पूर्वी येथे नावेनेच पलीकडे जावे लागे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले, तेव्हा हा बांध झाला व १८४५ साली रहदारीस खुला झाला. पैसे देताना त्यांची अट अशी होती की, यावरून जाणाऱ्या कोणाकडूनही जकात घेऊ नये. ज्या लोकांकरिता त्यांनी हे केले ते त्यांस ओळखणारे नव्हते. बहुतेक तर तेव्हा जन्मलेही नव्हते. माझ्यासारखा नेवाशाकडचा एक मनुष्य पावणेदोनशे वर्षांनी त्यावरून फुकट जाईल, हे त्या बाईंस कोठून ठाऊक असणार? मी टॅक्सीवाल्यास विचारिले की, हा रस्ता कोणी बांधिला? तो म्हणाला, “सरकारने.” पुढे माहीम-दादरच्या मोठ्या रस्त्यास त्यांचे नाव आहे, पण तेही ‘लेडी जमशेटजी’ असे, म्हणजे नवऱ्याच्या नावाने, आणि लोक त्यास एल. जे. रोड म्हणतात. अवाबाई त्यात कोठेच उरल्या नाहीत. हे वाईट झाले असे प्रथम मला वाटले. आता तसे निश्चित वाटत नाही.

शेवटच्या दिवशी सायंकाळी मी दोघांस घेऊन मुद्दाम भायखळ्यास उतरलो आणि तिकिटाच्या खिडकीशी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आल्यावर कारकुनास सर्व हकीकत सांगू लागलो की, परवा आम्ही चुकून पहिल्या वर्गात बसलो, आणि मग चुकून नव्हे असे बसूनच राहिलो. तरी फरकाची रक्कम कशी भरावी? त्याने काचेआडून मजकडे पाहिले. रागाने नव्हे, बुचकळ्यात पडल्यासारखे. म्हणाला, “काका, गेले ते गेले. आता कुठले देऊ ते सांगा. मागे लोक आहेत.” मागे लोक होतेच, आणि त्यांची कुजबुज सुरू झाली होती. मी घाटकोपरची पहिल्या वर्गाची अडीच तिकिटे घेतली, दोन आमची व अर्धे मुलाचे, आणि आम्ही तिघे दुसऱ्या वर्गाच्या डब्याशी जाऊन उभे राहिलो.

याने हिशेब चुकता झाला असे मी म्हणत नाही. एक गोष्ट तर कबूल केलीच पाहिजे की, मुलगा पाहत होता म्हणून मी हे केले. तो बरोबर नसता तर मी भायखळ्यास उतरलो असतो काय? मला सांगता येत नाही. कदाचित नेवाशाच्या गाडीतली ती हाकच मी येथे निराळ्या आवाजात मारिली असेल. मुलाने तिकिटे हातात घेऊन वाचिली व विचारिले, “बाबा, पैसे यांचे दिले, मग आपण त्यात का बसत नाही?” मी त्यास समजावून सांगितले. त्याचे समाधान झाले असे दिसले नाही.

गाडी भरून आली. आत चढताना कोणाच्या तरी हाताने माझ्या कुटुंबाची पिशवी उचलून फळीवर ठेविली. तो हात कोणाचा हे आम्हांस दिसलेच नाही. मुंबईच्या गाडीत तिघांच्या बाकावर चौथ्यास बसू देण्याची चाल आहे. नियम म्हणून ती कोठे लिहिलेली नाही. बसलेले तिघे थोडे थोडे सरकतात आणि चौथा अर्धवट टेकतो. त्याचा एक पाय वाटेतच राहतो, पण तो बसतो. एका म्हाताऱ्या गृहस्थाने मुलाकडे पाहिले, शेजाऱ्यांस कोपराने खूण केली, ते सरकले, आणि मुलास त्यांनी टेकून घेतले. गृहस्थाचा सदरा घामाने भिजला होता. मांडीवर एक रिकामा डबा होता.

“कुठे उतरणार?” त्यांनी विचारिले.

“घाटकोपर.”

“मग कुर्ला गेले की दाराकडे सरका. मुलाचा हात सोडू नका.”

आम्ही कोण, कोठले, हे त्यांनी विचारिले नाही. कुर्ला गेल्यावर त्यांनीच आम्हांस आठवण केली.